चष्मा गेला; पुढें काय?



वैशाखाचे दिवस आले, परीक्षा संपल्या, म्हणजे आमच्या अमरावती-अकोल्याकडील कित्येक घरांत एक विषय हमखास निघतो. मुलगा अगर मुलगी वीस-एकवीस वर्षांची झालेली असते. नाकावर जाड भिंगांचा चष्मा असतो. शाळासोबत्यांची थट्टा आजवर मुकाट्यानें सोसलेली असते. आतां कोणाला नोकरीची मुलाखत द्यावयाची असते, कोणाला पोलिसांत अगर सैन्यांत भरती व्हावयाचें असतें, तर कोणाला स्थळें येऊं लागलेलीं असतात. मग वडील म्हणतात, "लेसरनें नंबर काढून टाकला तर?" आई विचारते, "फार दुखतें का?" आजी विचारते, "देवानें दिलेल्या डोळ्याला हात लावावा का?" आणि डॉक्टरांसमोर गेल्यावर सर्वांचा मिळून एकच प्रश्न असतो, "चष्मा जाईल ना?"

ह्या प्रश्नाचें उत्तर बहुधा 'होय' असें येतें, आणि तें खोटेंहि नसतें. परंतु ज्याचा नंबर दोन-तीन आहे त्याची गोष्ट वेगळी, आणि ज्याचा नंबर आठ, दहा किंवा बारा आहे त्याची गोष्ट वेगळी. ह्या दुसऱ्या वर्गांतील माणसानें आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. वीस वर्षांनीं ह्या डोळ्याचें काय होईल? आजचें माझें भाषण ह्या दुसऱ्या प्रश्नासंबंधीं आहे.

प्रथम तीव्र ऱ्हस्वदृष्टि म्हणजे काय तें पाहूं. प्रौढ माणसाच्या निरोगी डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी सुमारें २४ मिलिमीटर असते. पुढल्या बाजूस कॉर्निया नांवाची पारदर्शक काच, तिच्यामागें बाहुली आणि भिंग, आणि अगदीं मागें, आंतल्या भिंतीला लागून, प्रकाश टिपणारा नाजूक पडदा, अशी ही रचना आहे. बाहेरून आलेले किरण बरोबर ह्या पडद्यावर एकत्र आले म्हणजे दूरची वस्तु स्पष्ट दिसते. ऱ्हस्वदृष्टीच्या माणसाचा डोळा वाढीच्या वयांत गरजेपेक्षां लांब झालेला असतो. त्यामुळें किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात आणि पडद्यावर केवळ धूसर आकार उमटतो. लांबी एक मिलिमीटर वाढली कीं साधारणपणें अडीच ते तीन नंबर चढतात. तेव्हां दहा नंबरच्या माणसाचा डोळा २७-२८ मिलिमीटर लांब असला तर त्यांत नवल नाहीं.

आमचा वऱ्हाड कापसाचा मुलूख. गादी भरतांना आपण सर्वांनीं पाहिली आहे. चार हात गादीपुरता कापूस पांच हातांच्या खोळींत भरला तर गादी लांब होते, पण पातळ होते; आणि एखाद्या कोपऱ्यांत तर कापूस विरून नुसतें कापडच हाताला लागतें. लांबलेल्या डोळ्याची मागची भिंत आणि तिच्यावरील पडदा ह्यांची अवस्था कांहींशी अशीच होते. नंबर हें त्या लांबीचें बाहेर दिसणारें चिन्ह होय. चष्मा त्या चिन्हावर इलाज करितो, आणि लेसरहि त्या चिन्हावरच इलाज करितो. एवढी एक गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवली तर माझ्या भाषणाचें निम्में काम झालें असें मी समजेन.

लेसर करितो तरी काय? किरण वळविण्याचें सुमारें दोनतृतीयांश काम पुढली काच, म्हणजे कॉर्निया, करीत असतो. त्याचा मधला बांक थोडा सपाट केला कीं किरण मागें सरकून पडद्यावर येतात. हा बांक कमी करण्यासाठीं जो लेसर वापरतात त्याच्या किरणांची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर असते. हे किरण डोळ्याला दिसत नाहींत, आणि शेजारचा भाग न भाजतां पेशीजालाचा अगदीं सूक्ष्म थर ते उडवून लावतात. ह्या गुणाचा शोध १९८१ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेंत लागला. शोध लावणाऱ्या तिघांपैकीं रंगस्वामी श्रीनिवासन् हे मद्रास विद्यापीठांत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. सणाच्या जेवणांतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर त्यांनीं हे किरण सोडून पाहिले, तेव्हां कडा न करपतां स्वच्छ खांच पडलेली दिसली. पुढें तें तंत्र डोळ्यावर आलें. क्रीट बेटावरील डॉ. पालिकारिस ह्यांनीं १९९० च्या सुमारास कॉर्नियाचें पातळ झांकण उचलून त्याखालीं लेसर चालविण्याची पद्धति आणली, तीच लॅसिक. १९९५ सालीं अमेरिकेंत कॉर्नियाच्या पृष्ठभागावर लेसर चालविण्याच्या पद्धतीस सरकारी मान्यता मिळाली, आणि कांहीं वर्षांतच लॅसिकलाहि ती मिळाली. म्हणजे ह्या उपचाराचा आपल्याला आज सुमारें तीन दशकांचा अनुभव आहे.

आतां जमाखर्च मांडूं. कॉर्नियाची मध्यभागची जाडी सरासरीनें ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक असते. लॅसिकमध्यें सुमारें ११० मायक्रॉनचें झांकण उचललें जातें. सहा मिलिमीटर व्यासाच्या भागावर लेसर चालविला तर एका नंबरामागें सुमारें १२ मायक्रॉन खर्च होतात. दहा नंबरासाठीं १२० गेले. झांकणाखालीं शिल्लक राहिले ३१०. झांकण परत बसवितात खरें; पण कॉर्नियाच्या बळकटीला त्याचा फारसा हातभार पुढें लागत नाहीं. म्हणून खरी शिल्लक हीच. ती ३०० च्या खालीं जाऊं नये असें बहुतेक शस्त्रवैद्य पाहतात. २५० ही तर शेवटची मर्यादा. हाच नंबर चौदा असता तर शिल्लक २६२ वर आली असती. आणि मुळांतच एखाद्याची जाडी ४९० असेल, तर दहा नंबरालाच तो धोक्याच्या उंबरठ्यावर येतो. ह्या मुदलांत पुढें कधींहि भर पडत नाहीं. म्हणूनच एखादा प्रामाणिक डॉक्टर "तुमच्या डोळ्याला लेसर नको" असें म्हणाला, तर त्यानें आपलें नुकसान केलें असें मानूं नये.

ऱ्हस्वदृष्टीवरील शस्त्रक्रियेचा निकाल दुसऱ्या दिवशीं लागत नसतो, हें इतिहासानेंहि दाखविलें आहे. १९३० नंतरच्या काळांत जपानांत डॉ. सातो ह्यांनीं कॉर्नियावर आंतून-बाहेरून चिरा पाडून नंबर उतरविला. रुग्ण खूष झाले. परंतु आंतील बाजूच्या ज्या पेशी कॉर्निया स्वच्छ ठेवतात त्यांना इजा झाली होती, आणि कित्येक वर्षांनीं त्यांतील पुष्कळांचे कॉर्निया गढूळ झाले. पुढें १९७० नंतर रशियांत डॉ. फ्योदोरोव्ह ह्यांनीं केवळ बाहेरून चिरा पाडण्याची पद्धति रूढ केली. अमेरिकेंत तिची दहा वर्षें पाहणी झाली व १९९४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेंकडा ४३ डोळे ह्या अवधींत एक किंवा अधिक नंबरानें उलट दिशेस, म्हणजे अधिक नंबराकडे, सरकले होते. चिरा भरून आल्यावरहि कॉर्निया हळूहळू सपाट होत राहिला होता. लेसर ह्या दोन्ही पद्धतींहून पुष्कळच सुरक्षित आहे. पण पहिल्या महिन्याच्या आनंदावरून विसाव्या वर्षाचें भाकीत करूं नये, हा धडा मात्र कायम आहे.

मग लेसरचा दीर्घकालीन हिशेब काय सांगतो? स्पेनमधील डॉ. आलियो व त्यांचे सहकारी ह्यांनीं दहापेक्षां अधिक नंबर असलेल्या १९६ डोळ्यांची लॅसिकनंतर दहा वर्षांनीं तपासणी केली व २००८ सालीं ती प्रसिद्ध केली. दहा वर्षांनंतर शेंकडा ४२ डोळे एक नंबराच्या आंत होते, आणि शेंकडा ६१ दोन नंबरांच्या आंत. शेंकडा सत्तावीस-अठ्ठावीस डोळ्यांवर मध्यंतरीं दुसऱ्यांदा लेसर करावा लागला होता. हीं यंत्रें जुन्या पिढीचीं होतीं. आजचीं अधिक नेमकीं आहेत. तरी आंकड्यांतील अर्थ बदलत नाहीं. मोठ्या नंबराचा फार मोठा भाग जातो, पण कांहीं भाग कालांतरानें परत येतो. कॉर्नियावरील वरचा थर खोलगट भाग भरून काढावा तसा जाड होतो. शिवाय कित्येकांचा डोळा तिशीनंतरहि थोडाथोडा लांबतच असतो.

हें ऐकून कोणी निराश होऊं नये. ज्याला पहाटे उठल्यावर उशाशीं चष्मा चांचपडावा लागे, ज्याला चष्म्यावांचून समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओळखतां येत नसे, त्याचा नंबर बाराचा दीडावर आला तर तें लहान सुख नव्हे. मात्र 'आयुष्यांत पुन्हां चष्मा नाहीं' असें वचन कोणी दिलें, तर तें वचन घेणाऱ्यानेंच सावध राहावें. आणि चाळिशी तर कोणालाहि चुकत नाहीं. डोळ्यांतील भिंगाची लवचिकता वयानुसार कमी होते, आणि तिच्याशीं लेसरचा कांहींएक संबंध नाहीं. पंचेचाळिसाव्या वर्षीं वर्तमानपत्र वाचावयास चष्मा लागला म्हणजे "लेसर फसला" असें म्हणणें अन्यायाचें होईल.

कांहीं त्रास असे आहेत कीं त्यांना आमच्या हवापाण्याचीहि जोड मिळते. झांकण उचलतांना कॉर्नियांतील बारीक मज्जातंतु तुटतात; त्यामुळें अश्रु कमी पाझरतात आणि डोळे कोरडे पडून टोंचूं लागतात. बहुतेकांचा हा त्रास कांहीं महिन्यांत ओसरतो, थोड्यांचा वर्षानुवर्षें टिकतो. अकोल्याच्या मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो आणि वारा जणूं भट्टींतून यावा तसा वाहतो. कापूस, जिनिंग, मळणी ह्यांची धूळ वेगळीच. अशा ठिकाणीं ज्याचे डोळे आधींच कोरडे आहेत त्यानें शस्त्रक्रियेपूर्वीं अश्रूंची तपासणी करून घ्यावी, आणि शक्य तर ऐन उन्हाळा टाळावा.

दुसरा त्रास रात्रीचा. अंधारांत बाहुली मोठी होते. मोठ्या नंबरांत लेसरनें घडविलेला भाग जर तिच्यापेक्षां लहान पडला, तर त्याच्या कडेवरून येणारे किरण विखुरतात. दिव्याभोंवतीं वलयें दिसतात, तारे फुटल्यासारखे दिसतात. अमरावतीहून मूर्तिजापूरमार्गें अकोल्याला रात्रीं मोटार हांकीत जाणाऱ्यास समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे ह्या वलयांनीं किती त्रास देतील, ह्याची कल्पना करावी. ज्यांचा धंदा रात्रीं वाहन चालविण्याचा आहे त्यांनीं हा प्रश्न डॉक्टरांना मुद्दाम विचारावा. तिसरी गोष्ट कुस्ती, कबड्डी खेळणाऱ्यांसाठीं. लॅसिकचें झांकण पूर्वीइतकें घट्ट कधींच सांधलें जात नाहीं. जोराचा मार लागून तें कित्येक वर्षांनीं सरकल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. अशांना झांकण न उचलतां पृष्ठभागावरच लेसर करण्याची जुनी पद्धति अधिक योग्य ठरते.

चौथा धोका क्वचित् घडणारा, पण गंभीर आहे. शिल्लक कमी राहिली, किंवा कॉर्निया मुळांतच दुबळा असला, तर डोळ्याच्या आंतील दाबानें तो कांहीं महिन्यांनीं अगर कांहीं वर्षांनीं पुढें फुगूं लागतो आणि दृष्टि वेडीवांकडी होते. हा दुबळेपणा शस्त्रक्रियेपूर्वीं कॉर्नियाच्या नकाशावरून बहुधा ओळखतां येतो, म्हणून ती तपासणी कधींहि गाळूं नये. फुगवटा वेळीं लक्षांत आला तर बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालून वरून अतिनील किरण सोडतात, आणि कॉर्निया ताठ करून वाढ बहुधा थांबवितां येते. डोळे चोळण्याची संवय मात्र कायमची सोडली पाहिजे.

येथवर पुढल्या काचेची कथा झाली. परंतु लांबलेल्या डोळ्याचा खरा शत्रु मागें बसलेला असतो, आणि त्याच्याकडे घरांतील कोणाचेंच लक्ष नसतें. एक उदाहरण घेऊं. तें कोणा एका व्यक्तीचें नव्हे, पण कोणत्याहि घरांत घडूं शकेल असें आहे. एका मुलीनें बाविसाव्या वर्षीं नऊ नंबर काढून घेतला. लग्न झालें, संसार झाला, चष्म्याची आठवणहि उरली नाहीं. सोळा वर्षें तिनें डोळ्यांचा डॉक्टर पाहिला नाहीं. कारण डोळे 'बरे' झाले होते. एके संध्याकाळीं एका डोळ्यापुढें वीज चमकल्यासारखें झालें, काळे ठिपके माश्यांसारखे उडूं लागले. घरच्यांनीं म्हटलें, उष्णता झाली असेल, अशक्तपणा असेल. दोनचार दिवसांनीं एका कडेनें काळी सांवली सरकत आली. आठव्या दिवशीं ती डॉक्टरांकडे गेली तेव्हां पडदा मधल्या भागापर्यंत सुटला होता. पहिल्या संध्याकाळीं गेली असती तर कदाचित् एका छिद्राभोंवतीं लेसरचे टांके घालून काम भागलें असतें.

हा दोष लेसरचा नव्हे. पातळ पडदा फाटण्याची भीति तिला चष्मा असतांना होती तेवढीच चष्मा गेल्यावरहि होती. दोष झाला तो समजुतीचा. नंबर गेला म्हणजे विकार गेला, असें तिनें व तिच्या माणसांनीं धरलें होतें. आमच्याकडे "लेसर केला" असें सरसकट म्हणतात. पण चष्म्याचा नंबर काढणारा लेसर वेगळा आणि पडद्याचीं छिद्रें बंद करणारा लेसर वेगळा. पहिला झाला म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाहीं.

काचबिंदूचीहि तीच गोष्ट. तीव्र ऱ्हस्वदृष्टि असलेल्यांना तो अधिक संभवतो. डोळ्यांतील दाब कॉर्नियावर भार देऊन मोजतात, आणि लेसरनें पातळ झालेला कॉर्निया कमी प्रतिकार करितो. त्यामुळें यंत्र खऱ्यापेक्षां कमी दाब दाखवितें. आपला पूर्वेतिहास न सांगणाऱ्या रुग्णास "दाब ठीक आहे" असें उत्तर मिळतें, आणि आंतल्या आंत मज्जा झिजत राहते. मोतीबिंदूहि अशा माणसांना थोडा लवकर येतो. त्या वेळीं बसवावयाच्या कृत्रिम भिंगाची शक्ति कॉर्नियाच्या बांकावरून काढतात. बांक लेसरनें बदललेला असेल आणि नेहमींचेंच सूत्र लावलें, तर भिंग कमी शक्तीचें निघतें आणि नवा नंबर पदरीं येतो. ह्यासाठीं निराळीं सूत्रें आहेत. शस्त्रक्रियेपूर्वींचीं मापें हातीं असलीं तर डॉक्टरांना पडताळा पाहतां येतो.

ह्या बाबतींत आपल्या सैन्याचे वैद्यकीय नियम मोठे बोधप्रद आहेत. लेसर करून आलेल्या उमेदवाराची दूरची दृष्टि स्वच्छ असली तरी तेवढ्यानें भागत नाहीं. शस्त्रक्रिया विसाव्या वर्षानंतर झालेली असावी, तिला बारा महिने लोटलेले असावेत, कॉर्नियाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षां कमी नसावी, पडदा निरोगी असावा, आणि डोळ्याची लांबी २६ मिलिमीटरच्या आंत असावी, अशा अटी त्यांत आढळतात. चष्मा गेला तरी लांबी गेलेली नाहीं, हें त्या फूटपट्टीला पक्कें ठाऊक आहे. तेव्हां दहा नंबरच्या मुलाला "लेसर कर, म्हणजे सैन्यांत जाशील" असें सांगण्यापूर्वीं वडिलांनीं ही मोजणी करून घ्यावी.

फार मोठा नंबर असलेल्यांसाठीं आज दुसराहि मार्ग आहे. कॉर्निया न झिजवितां, बाहुलीच्या मागें आणि मूळ भिंगाच्या पुढें, एक पातळ कृत्रिम भिंग बसवितात. जरूर पडल्यास तें काढतांहि येतें. दृष्टीची प्रत चांगली राहते. मात्र डोळ्याच्या आंत शिरावें लागतें, पुढें मोतीबिंदू व दाब ह्यांकडे लक्ष ठेवावें लागतें, आणि कॉर्नियाच्या आंतील पेशी नियमानें मोजाव्या लागतात. लांबलेली भिंत ह्यानेंहि आंखूड होत नाहीं. आणि ज्याला ह्यांपैकीं कांहींच मानवण्यासारखें नाहीं त्यानें जाड चष्म्याची लाज कां बाळगावी? चष्म्यामुळें जें स्थळ परत जातें तें गेलेलेंच बरें.

आतां घरोघरीं करतां येण्यासारख्या चार गोष्टी सांगतों. नंबर निदान वर्षभर स्थिर झाल्याशिवाय शस्त्रक्रिया करूं नये. करण्यापूर्वीं कॉर्नियाची जाडी, त्याचा नकाशा आणि मागचा पडदा, ह्या तीन तपासण्या झाल्या आहेत काय, आणि झांकणाखालीं शिल्लक किती राहील, हें स्वतः विचारावें. शस्त्रक्रियेपूर्वींच्या मापांचे कागद, शेतकरी सातबारा जपतो तसे, आयुष्यभर जपावेत, आणि पुढें भेटणाऱ्या प्रत्येक नेत्रवैद्यास "माझा नंबर इतका होता, मीं लेसर केला आहे" असें आपण होऊन सांगावें. आणि चष्मा असो वा नसो, वर्षांतून एकदां बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. मध्यें कधीं वीज चमकली, ठिपक्यांचा थवा आला, सांवली सरकली, तर उद्यांची वाट पाहूं नये. त्याच दिवशीं निघावें.

आजीचा प्रश्न अजून शिल्लक आहे. देवानें दिलेल्या डोळ्याला हात लावावा काय? मी म्हणेन, आजी, हिशेब पाहून अवश्य लावावा. पण हात लावल्यावर त्या डोळ्याकडे पाठ फिरवूं नये. 'दृष्टीआड सृष्टि' असें आपण म्हणतों. ह्या विकारांत तर दृष्टीच्या आड, डोळ्याच्या मागच्या भिंतीवर, जी सृष्टि आहे तिच्यावरच पुढलीं चाळीस वर्षें अवलंबून आहेत. आपणां सर्वांची दृष्टि निकोप राहो, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.